पोलीस ठाण्यात फिर्याद देताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

घरफोडी, मोबाइलची चोरी, मारहाण, फसवणूक, काहीही घडलं तरी पोलिसांचा तपास एका कागदापासून सुरू होतो. कायद्यात तो प्रथम खबरी अहवाल, ठाण्यात फिर्याद किंवा एफआयआर. पहिल्या दिवशी या कागदावर जे उतरलं नाही, ते पुढे कोर्टात सिद्ध करणं फार अवघड जातं. जे चुकीचं उतरलं, ते उलटतपासणीत वर्षानुवर्षं आपल्याच अंगावर येतं. म्हणून आरोपी सापडेल का, या चिंतेआधी कागद नीट होतोय का, याकडे लक्ष द्यावं. त्या दिवशी आपल्या हातात असतं ते एवढंच.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ‘चारशे वीस’ (फसवणूक) आणि ‘एकशे छप्पन तीन’ (न्यायदंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश) अजून सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण त्या तारखेपासून घडलेल्या गुन्ह्यांना नवी कलमं लागतात. इथे दिलेली कलमं नवीच आहेत. महाराष्ट्रात आणि गोव्यात ती सारखीच लागू आहेत.

आपण नेमकं काय नोंदवतोय?

नवख्या माणसाची सर्वांत मोठी फसगत इथे होते. ठाण्यातून हातात शिक्का मारलेला कागद घेऊन तो बाहेर पडतो आणि ‘एफआयआर झाली’ असं समजतो. प्रत्यक्षात तो कागद चारपैकी कोणताही असू शकतो.

पहिला, तक्रारी अर्ज. आपण लिहून दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून मिळतो. याचा अर्थ अर्ज पोचला, एवढाच. त्यावर चौकशी होईल, बीट अंमलदार (त्या भागाचे पोलीस) समोरच्याला बोलावतील, कदाचित समजही देतील. पण गुन्हा दाखल झालेला नाही.

दुसरा, गहाळ प्रमाणपत्र. वस्तू हरवली असेल तर हे योग्य आहे आणि ऑनलाइनही मिळतं. पण चोरीची वस्तू ‘गहाळ’ म्हणून नोंदवली, की चोराचा शोध घ्यायला कायद्याने काही कारणच उरत नाही, आणि विमा कंपनीही चोरीचा दावा मान्य करायला एफआयआरच मागते. “चोरी झाली हे तुम्ही पाहिलंत का?” असं विचारलं जातं, आणि माणूस गोंधळून “नाही” म्हणतो. चोरी होताना पाहिलेली असणं गरजेचं नाही. वस्तू कुठे होती, शेवटची कधी पाहिली, आपण ती कुठे ठेवली किंवा पाडली नाही हे ठामपणे माहीत असेल, तर ते स्पष्ट सांगावं आणि चोरीचीच फिर्याद द्यावी.

तिसरा, अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. साधी मारहाण (न्याय संहिता कलम ११५(२)), शिवीगाळ (३५२), साधी धमकी (३५१(२)) हे अदखलपात्र आहेत. यात पोलीस नोंद घेतात आणि फिर्यादीला न्यायालयात दाद मागायला सांगतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. नव्या कायद्याने ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या साध्या चोरीलाही अदखलपात्र केलं आहे, आणि हे अजून फारसं कुणाला माहीत नाही. जुन्या मोबाइलची किंमत अंदाजाने ‘चार हजार’ सांगितली, तर एनसीवर काम भागवलं जाऊ शकतं. किंमत फुगवू नका, पण बिल पाहून, आजच्या बाजारभावाचा विचार करून सांगा. शिवाय राहत्या घरातली चोरी, किंवा बस-रेल्वेसारख्या वाहनातून झालेली चोरी कलम ३०५ मध्ये येते. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. म्हणून चोरी *कुठे* झाली हे वस्तूच्या किमतीइतकंच महत्त्वाचं ठरतं.

चौथा कागद, एफआयआर. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली होते ती नोंद हीच. तिच्यावर गुन्हा रजिस्टर क्रमांक (गु.र.नं.) आणि वर्ष, कलमं, फिर्यादीचं नाव, तपासी अंमलदाराचं नाव आणि नोंद केल्याची तारीख-वेळ असते. हातातल्या कागदावर हे दिसत नसेल तर तो एफआयआर नाही.

ठाण्यात जाण्याआधी

गुन्हा चालू असेल किंवा नुकताच घडला असेल तर आधी ११२ ला फोन करा. फोनची वेळ नोंदली जाते आणि तक्रार उशिरा आली असा आक्षेप पुढे आला तर ती नोंद कामी येते. घरफोडी झाली असेल तर कपाट आवरू नका, कडी-कोयंड्याला हात लावू नका. ठसे घेणाऱ्यांना जागा जशीच्या तशी हवी असते. घरात शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत शेजारीपाजारी सगळं उचलून ठेवतात आणि हाती लागले असते ते ठसे तिथेच जातात.

मारहाण झाली असेल तर जखम किरकोळ वाटली तरी वैद्यकीय तपासणी टाळू नका. ठाण्यातून सरकारी रुग्णालयाच्या नावे ‘मेडिकल यादी’ (तपासणीसाठीचं पत्र) मिळते, ती घेऊन जा. आधी थेट रुग्णालयात गेलात तर ही मारहाणीची केस आहे हे डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते तशी नोंद करून पोलिसांना कळवतील. हाताला सूज असेल तर एक्स-रे काढायचा आग्रह धरा. हाड मोडणं किंवा दात पडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. तिला कलम ११७(२) लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा असते आणि गुन्हा दखलपात्र होतो. अनेक प्रकरणांत रात्री एनसी होते आणि दोन दिवसांनी एक्स-रेत हाड मोडलेलं निघतं. ते प्रमाणपत्र घेऊन पुन्हा ठाण्यात जायचं असतं, हे कुणी सांगत नाही. प्रमाणपत्राची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि त्यावरून गुन्हा नोंदवायला सांगा.

सोबत न्यायचं ते असं: ओळखपत्र, चोरीला गेलेल्या वस्तूंची किमतीसह यादी, बिलं, मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक (खोक्यावर किंवा बिलावर असतो), वाहन असेल तर नोंदणी, इंजिन आणि चासी क्रमांक, दागिने असतील तर वजन आणि ते अंगावर घातलेला फोटो. आसपास सीसीटीव्ही कुठे आहेत हे पाहून ठेवा. बहुतेक दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या यंत्रात जुनं चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ‘अमुक दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण ताब्यात घ्यावं’ ही विनंती फिर्यादीतच लिहून द्या.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर ठाण्यात धावण्याआधी १९३० लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरत असतात. पुढच्या बँकेपर्यंत निरोप जितका लवकर पोचेल तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपलं खातं कोणत्या बँकेत आहे हे समोर ठेवूनच फोन करा. पण १९३० वरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. तिचा पोच क्रमांक घेऊन फिर्याद वेगळी द्यावी लागते. आलेले मेसेज आणि चॅट काढून टाकू नका, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबून फोन बदलूही नका; पुराव्यासाठी मूळ फोन लागू शकतो.

कोणत्या ठाण्यात?

सोयीचं म्हणजे जिथे घटना घडली त्या हद्दीचं ठाणं. पण “ही आमची हद्द नाही” हे नोंद नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. कलम १७३(१) मध्येच ‘गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो’ असे शब्द आहेत. अशा वेळी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग केला जातो. लांबच्या गाडीत रात्री बॅग गेली आणि सकाळी कल्याणला लक्षात आलं, तर कल्याणच्या लोहमार्ग पोलिसांकडे फिर्याद देता येते. मागे भुसावळला जायची गरज नाही. रेल्वेत प्रवाशांच्या चोरीची फिर्याद लोहमार्ग पोलीस घेतात. रेल्वे सुरक्षा दल वेगळं, आणि फलाटावर या दोघांत हमखास गल्लत होते.

फिर्याद पीडित व्यक्तीनेच द्यायला हवी असंही नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती असलेला कुणीही ती देऊ शकतो. मुलगा परदेशात आहे आणि गावचं बंद घर फोडलं गेलं, तर भाऊबंद किंवा शेजारी फिर्याद देऊ शकतात. ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवलेली माहितीही चालते, मात्र ती नोंदीवर घेण्यासाठी पाठवणाऱ्याने तीन दिवसांत सही करावी लागते. ही अट विसरली की मेल नुसता पडून राहतो.

बलात्कार, विनयभंग यांसारख्या गुन्ह्यांत पीडित महिलेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. बालकांवरील लैंगिक अत्याचारात मुलाला ठाण्यात बोलावत नाहीत. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. हे हक्काने मागा.

फिर्याद सांगताना

ठाण्यात शिरल्यावर ठाणे अंमलदारांच्या टेबलाशी जा. अमुक ठिकाणी अमुक घडलं, फिर्याद द्यायची आहे, असं एका वाक्यात सांगा. तोंडी सांगितलेलं लिहून घेणं हे पोलिसांचं काम आहे. टाइप केलेला अर्ज आणायला पाठवत असतील तर ते बंधनकारक नाही. तरीही घरून एका पानावर मुद्दे काढून नेलेले बरे, कारण टेबलासमोर बसल्यावर क्रम हमखास विसरतो.

सांगण्याचा क्रम असा ठेवावा: मी कोण, कुठे राहतो, काय करतो, घटना कधी, कुठे, त्याआधी काय चाललं होतं, नेमकं काय झालं, कुणी केलं किंवा कसा दिसत होता, कुणी पाहिलं, काय गेलं किंवा काय लागलं, नंतर मी काय केलं, उशीर झाला असेल तर का झाला. नमुन्यादाखल:

“सकाळी ९.१० च्या सुमारास स्वारगेटहून हडपसरला जाणाऱ्या बसमध्ये चढलो. चढण्याआधी मोबाइलवर वेळ पाहून तो पँटच्या उजव्या खिशात ठेवला. ९.३५ च्या सुमारास फातिमानगरला उतरलो तेव्हा खिशात मोबाइल नव्हता. गर्दीत माझ्या उजव्या बाजूला दोन इसम खेटून उभे होते. त्यांतला एक अंदाजे २५ वर्षांचा, सडपातळ, निळ्या शर्टातला, डाव्या भुवईवर जखमेचा व्रण असलेला. त्याला पुन्हा पाहिल्यास ओळखेन.”

शेवटचं वाक्य खरं असेल तरच घाला, पण खरं असेल तर नक्की घाला. पुढे ओळख परेड झाली की बचाव पक्षाचा वकील पहिल्यांदा फिर्यादीतलं वर्णन काढून दाखवतो. तिथे वर्णनच नसेल तर ओळख कमकुवत पडते.

‘त्याने मला शिवीगाळ करून मारहाण केली’ हे वाक्य फिर्यादींत सर्वाधिक आढळतं आणि सर्वांत निरुपयोगी असतं. कशाने मारलं, कुठे मारलं, किती वेळा? लोखंडी सळईने मारलं असेल तर कलम ११८(१) लागू शकतं आणि प्रकरण दखलपात्र होतं. ‘मारहाण केली’ एवढ्यावर एनसीच होईल. फसवणुकीत तर आणखी बारकावा लागतो. पैसे घेतानाच समोरच्याचा हेतू खोटा होता हे दिसलं पाहिजे, म्हणजे त्या वेळी त्याने काय खोटं सांगितलं, कोणता बनावट कागद दाखवला, हे लिहायला हवं. ‘पैसे घेतले आणि परत देत नाही’ एवढंच लिहिलं की ठाणं म्हणतं ही दिवाणी बाब आहे, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं.

कलमं सुचवायचा अट्टहास करू नका. घटना सांगणं आपलं काम, कलमं लावणं त्यांचं. जास्त कडक कलम लागावं म्हणून भर घालणं तर कटाक्षाने टाळा. साध्या भांडणाच्या फिर्यादीत ‘झटापटीत गळ्यातली चेन काढून घेतली’ हे वाक्य कुणीतरी सुचवतं; ते खोटं असेल तर साक्षीत पहिल्यांदा तेच कोसळतं आणि खरी मारहाणही संशयास्पद ठरते. शिवाय खोटी माहिती देणं हा कलम २१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’, ‘सुमारास’ म्हणा. आठवत नसेल तर तसं सांगा. नंतर आठवलेलं पुरवणी जबाबात देता येतं.

सही करण्याआधी

लिहिलेलं वाचून दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. स्वतः पूर्ण वाचा. ठाण्याची ठरलेली भाषा असते, ‘सदर इसमाने’, ‘वर नमूद ठिकाणी’. तिला घाबरू नका, अर्थ तोच आहे ना, एवढं पाहा. पाच गोष्टी हमखास चुकतात: तारीख (मध्यरात्रीनंतरची घटना आदल्या दिवशी जाते), आडनावांचं स्पेलिंग, आयएमईआयचे १५ आकडे, रकमेची बेरीज आणि साक्षीदारांची नावं. चूक दिसली तर दुरुस्त केल्याशिवाय सही करू नका. मराठी वाचता येत नसेल तर समजणाऱ्या माणसाला सोबत न्या.

एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला लगेच आणि मोफत द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावरही टाकायची असते. लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील नोंदी मात्र टाकत नाहीत. निघण्याआधी गु.र.नं. आणि तपासी अंमलदाराचा फोन क्रमांक लिहून घ्या.

नोंदवून घेत नसतील तर

ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केलं, की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. तरीही टाळाटाळ होते. यामागे दर वेळी भ्रष्टाचारच असतो असं नाही. प्रत्येक गुन्ह्यामागे पंचनामा, जबाब, दोषारोपपत्र असं काम येतं आणि माणसं तुटपुंजी असतात. दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत वाढलेला आकडा ठाणेदाराला अडचणीत आणतो. ही पद्धत मुळातच घातक आहे, कारण गस्त कुठे वाढवायची, मनुष्यबळ कुठे द्यायचं हे नोंदींवरूनच ठरतं. एकाच थांब्यावर महिनाभरात दहा खिसे कापले गेले आणि दहाही ‘गहाळ’ म्हणून लिहिले, तर पोलिसांच्या नकाशावर तो थांबा सुरक्षितच राहतो आणि टोळीला तीच जागा पुन्हा मिळते. देशाच्या आकडेवारीत आधीच एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजला जातो. नोंदच नसेल तर तोही नाही.

नव्या कायद्याने ठाण्याला एक सवलत दिली आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. कुणी “चौकशी करून बघू” म्हणालं तर विचारा: कलम १७३(३) खाली परवानगी घेतली आहे का आणि १४ दिवस कधी संपतात? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली मात्र नोंदीआधी प्राथमिक चौकशी लागत नाही.

नकार आला तर वाद घालत बसू नका, पुढची पायरी घ्या. आधी त्याच ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटा. निम्म्या अडचणी इथे सुटतात. मग तीच हकीकत लेखी, सहीसह, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा (कलम १७३(४)). आयुक्तालयाच्या शहरात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना. पोस्टाची पावती आणि पोच जपून ठेवा, कारण पुढचा दरवाजा तीच उघडते. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली शपथपत्रासह अर्ज करता येतो. अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा जोडला नसेल तर हा अर्ज तिथेच अडतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० लावा. महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

बलात्कार, ॲसिड हल्ला, विनयभंग, मानवी तस्करी अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणारा अधिकारी न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतः गुन्हेगार ठरतो, आणि त्याला किमान सहा महिने सश्रम कारावास आहे.

एनसी झाली असेल तर वेळेचं भान ठेवा. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय साधारणपणे एका वर्षाच्या आतच घेतं. खाजगी तक्रार, म्हणजे आपण थेट न्यायालयात केलेली तक्रार, त्याआधी दाखल व्हायला हवी.

नोंद झाल्यावर

घटनास्थळाच्या पंचनाम्याला शक्यतो हजर राहा आणि जागा दाखवा. झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण आता बंधनकारक आहे. साक्षीदारांना सांगून ठेवा की तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कुणी सही मागितली तर नम्रपणे तसं सांगावं. महिला, १५ वर्षांखालील मुलं, ६० वर्षांवरील माणसं, अपंग आणि गंभीर आजारी यांना जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं.

तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं आता कायद्याने बंधनकारक आहे. कळवलं नाही तर गु.र.नं. घालून लेखी विचारा, पोच घ्या.

काही महिन्यांनी कोर्टातून नोटीस येऊ शकते की पोलिसांनी ‘समरी’, म्हणजे तपास बंद करण्याची मंजुरी, मागितली आहे. महाराष्ट्रात तिचे मुख्य प्रकार तीन आहेत. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. ‘क’ म्हणजे खरी-खोटी ठरत नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. विम्यासाठी ‘अ’ समरीची प्रत लागते, ती मागून घ्या. ‘ब’ समरीची नोटीस मात्र कधीच बाजूला टाकू नका: न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, आणि गप्प राहिलात तर उलट आपल्यावरच कारवाईची वाट मोकळी होते. ठरलेल्या तारखेला हजर राहून लेखी हरकत द्या आणि तपासात कोणते साक्षीदार, कोणतं चित्रण, कोणते कागद पाहिलेच नाहीत ते एकेक करून लिहा.

चोरीची वस्तू सापडली तर ती मुद्देमाल म्हणून जमा असते आणि ठाण्याच्या आवारात गंजत पडते. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. मालकीचे कागद जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. फोटो आणि पंचनामा करून, मागतील तेव्हा हजर करण्याच्या बंधपत्रावर वस्तू परत मिळते. वाहनाच्या बाबतीत हा अर्ज जितका लवकर कराल तितकं बरं, उभ्या गाडीची बॅटरी आणि टायर पहिल्या पावसाळ्यातच जातात.